मागची उजवी बाजू १८ मिलिमीटर खाली: एका एमजीबीच्या कमानींचा हिशोब

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. क्रोम बंपर, रोस्टाइल चाकं, १६५ आर १४ टायर, मागे अखंड एक्सल आणि त्याखाली पाट्यांच्या दोन कमानी (लीफ स्प्रिंग). मुक्काम गुहागर तालुक्यात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. तक्रारी दोन होत्या. मागून पाहिलं की गाडी उजवीकडे कललेली दिसते, आणि धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढताना तिचं पोट घासतं. बघणाऱ्या प्रत्येकाचा इलाज एकच: उजवी कमान बसली, एक पाटा वाढवा. कमान बसली होती हे खरं, पण दिसत होती तेवढी नाही. आणि पोट घासण्याशी तिचा संबंध नावापुरताच निघाला. मोजायला दोन दिवस लागले, काम दीड दिवसात झालं. मोजमाप चुकलं असतं तर ते काम दोनदा करावं लागलं असतं, म्हणून इथे मोजमापालाच जास्त जागा दिली आहे.

बरेच जण टेप जमिनीला टेकवून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची सांगतात. त्या आकड्यात टायरची झीज, टायरमधली हवा आणि टायरचं माप असं सगळंच मिसळलेलं असतं. १६५ आर १४ टायरचा व्यास ६२० मिमीच्या आसपास, १७५/७० आर १४ चा ६००. नुसता टायर बदलला तरी गाडी १० मिमी खाली येते आणि दोष बिचाऱ्या कमानीवर जातो. म्हणून आम्ही मोजलं ते चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. मध्य काढायला चाकाच्या मधल्या टोपीवर मास्किंग टेप लावला, चाक उचलून फिरवलं आणि पेन्सिल टेकवली. जो बिंदू जागचा हलत नाही तो मध्य. मग गवंड्याचा ओळंबा कडेवरून सोडायचा, दोरी त्या मध्यावरून गेली की कडेवर बारीक खूण करायची. पुढची सगळी मापं त्याच खुणेपासून घ्यायची.

खूण पत्र्यावरची, आणि किनाऱ्यावरच्या पन्नास वर्षांच्या गाडीचा पत्रा दोनदा तरी वेल्डिंग झालेला असतो. त्यामुळे दुसरं मापही घेतलं: एक्सलच्या नळीचा माथा ते बरोबर वर चेसिसची खालची बाजू. इथे एक गफलत हमखास होते. आमच्याकडे कडेवर १८ मिमीचा फरक येत होता आणि चेसिसवर १२ चा. "बघा, सहा मिलिमीटर पत्रेवाल्याने खाल्ले," असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मडगार्डच्या दोन कडांमधलं आडवं अंतर दीड मीटरला जरा कमी, आणि चेसिसवरच्या दोन बिंदूंमधलं एक मीटर. गाडी कलली की मधल्या भागापेक्षा कडेला फरक जास्तच दिसणार. १२ ला १.४८ ने गुणलं की १८ येतात. म्हणजे पत्रा खरं बोलत होता. हा दीडपटीचा हिशोब पुढे कमान किती उचलायची हे ठरवतानाही लागतो. कडेवरचा फरक जसाच्या तसा कमानीत भरला तर गाडी दुसऱ्या बाजूला कलते.

मोजायला सपाट जागा हवी. कोकणातलं खळं डोळ्यांना कितीही सपाट दिसलं तरी त्याला उतार असतो, नाहीतर पावसाचं पाणी ओटीवर चढलं असतं. पाणसळ एवढ्या लांब अंतरावर उपयोगाची नाही. गवंडी पाया आखताना वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी आणली. नळीत बुडबुडा राहिला तर ती दहा मिलिमीटरनेही फसवते, म्हणून पाणी सावकाश भरायचं आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी एक येते का ते आधी बघायचं. चार चाकांच्या चार जागा खडूने आखून मोजल्या. मागची उजवी जागा मागच्या डावीपेक्षा ११ मिमी खाली होती आणि पुढची डावी जागा पुढच्या उजवीपेक्षा ४ मिमी खाली.

नुसता एका बाजूला उतार असता तर फारसं बिघडलं नसतं, कारण गाडी एक्सलसकट कलते आणि मध्य ते कड हे अंतर जवळपास तेवढंच राहतं. पुढची जोडी एकीकडे आणि मागची दुसरीकडे कललेली असली की मात्र जमीन गाडीला पीळ देते. तो पीळ चारही चाकांच्या स्प्रिंगा आपसात वाटून घेतात आणि मापं खोटी येतात. आमचा पीळ १५ मिमीचा होता. शहाबादी फरशीचे तुकडे आणि प्लायच्या पट्ट्या चाकांखाली घालून चारही जागा २ मिमीच्या आत आणल्या.

मग गाडीची तयारी. हवा पुढे २६, मागे २८. डिकी रिकामी, स्टेपनी मात्र जागेवर, कारण तिचंही वजन मोजमापात धरायचंच असतं. पेट्रोल अर्धी टाकी. टाकी एक्सलच्या मागे आहे आणि पन्नास लिटर पेट्रोलचं वजन ३७ किलोच्या आसपास, त्यामुळे भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत मागची उंची सहज १० मिमीने बदलते. ज्याने महिन्यापूर्वी भरल्या टाकीवर मोजलं आणि आज रिकाम्यावर, त्याला कमान आपोआप उंच झाल्यासारखी वाटेल. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, अशी या गाड्यांची मूळ मांडणी. बऱ्याच ठिकाणी आता एकच १२ व्होल्टची बसवलेली असते. ती कुठल्या बाजूला आहे ते टिपून ठेवावं.

हँडब्रेक सोडलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा. चाकांना अटकावाचे ठोकळे लावायचे ते बोटभर अंतर ठेवून. पाट्याची कमान दबताना लांब होते आणि एक्सल किंचित पुढेमागे सरकतो. चाक बांधलेलं असेल तर ते सरकणं अडतं आणि कमान आपल्या मूळ जागी येत नाही. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही. आधी ती दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे ढकलायची.

आता किनारपट्टीवरच्या गाड्यांचा खास मुद्दा. मागचा बंपर दाबून हळूच सोडला की उजवीकडे माप आलं ३३५. तोच बंपर वर उचलून हळूच सोडला की ३४५. डावीकडे ३५३ आणि ३६३. एकाच गाडीची एकाच मिनिटात दोन उत्तरं! पाट्यांच्या मधे गंज धरला की ते एकमेकांवर घसरत नाहीत, अडकतात. कमान खालून येते तेव्हा खालीच थांबते, वरून येते तेव्हा वरच. कोरड्या हवेतल्या, स्वच्छ पाट्यांच्या कमानीत हा फरक ३-४ मिमी असतो, इथे १० होता. अशा वेळी दोन्ही मापं घ्यायची, प्रत्येकी तीनदा, आणि मधला आकडा धरायचा. डावी ३५८, उजवी ३४०. फरक १८.

शॉकपवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) बरेच जण उगाच संशय घेतात. एमजीबीचे मूळ मागचे शॉकप दांडीचे, तेलावर चालणारे. ते गाडीचं वजन पेलत नाहीत, फक्त तिची उसळी धरतात. एखादा जाम झाला असेल तरच उंचीवर परिणाम होतो, आणि ते तपासणं दहा मिनिटांचं काम आहे. खालचा दुवा सोडायचा आणि दांडी हाताने वरखाली करायची. सारख्या जोराने, अटकाव न होता फिरली पाहिजे. दोन्ही ठीक निघाले. नंतर बसवलेले गॅसचे सरळ शॉकप असतील तर गोष्ट वेगळी, ते गाडीला थोडं वर ढकलतात.

गाडी मागून कललेली दिसते म्हणून दोष मागेच आहे, हे कशावरून? बॉडी एक ताठ पेटी आहे. पुढची डावी स्प्रिंग उंच असली तरी मागची उजवी बाजू दबते, चौपाईच्या एका पायाखाली पाचर मारल्यासारखी. हे वेगळं काढायची युक्ती जुनी आहे. पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर, मधे लाकडाचा अरुंद ठोकळा घालून, जॅक लावायचा आणि पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढंच उचलायचं. आता पुढची बाजू एका बिंदूवर तोललेली आहे, डावीकडे किंवा उजवीकडे ती ओढूच शकत नाही. मागे जो कल दिसेल तो फक्त मागच्या कमानींचा. या अवस्थेत गाडी डोलते, म्हणून दोन्ही बाजूंना घोडे (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायचे, पण टेकवायचे नाहीत. दोन बोटं अंतर ठेवायचं. आणि खाली कुणीही जायचं नाही.

फरक नाहीसा झाला तर दोष पुढे असतो. कमी झाला तर दोन्हीकडे. आमच्याकडे तो वाढला: डावी ३६२, उजवी ३३६, फरक २६. म्हणजे दोष पूर्ण मागचाच, आणि पुढच्या स्प्रिंगा इतके दिवस तो थोपवून धरत होत्या.

तसंच ठेवून बुशांचे बोल्ट ढिले केले. कमानीचं पुढचं टोक रबराच्या बुशमधून बोल्टने पक्कं, मागचं टोक शॅकलवर, म्हणजे झुलत्या जोडपट्ट्यांवर. हे रबर फिरत नाही, पिळतं. बोल्ट आवळताना एक्सल लोंबकळत असेल तर रबर त्याच कोनात पकडलं जातं. नंतर गाडी चाकांवर उतरवली की ते पिळलं जातं आणि कमानीला मदत करत गाडी वर उचलून धरतं. लिफ्टवर गाडी असतानाच सगळे बोल्ट घट्ट करून मोकळं होण्याची सवय कुठल्याही गॅरेजमध्ये दिसते. आमच्या गाडीत डाव्या बाजूला नेमकं तेच झालं होतं. बोल्ट अर्धा फेरा सैल केला, गाडी दोनदा दाबली आणि डावी बाजू कमानीजवळ ६ मिमी खाली आली. उजवीकडे काही हललं नाही. पुढची बाजू जॅकवरच ठेवून पुन्हा मापं घेतली: डावी ३५४, उजवी ३३७, फरक १७. कमानीजवळ हिशोब केला तर साडेअकरा.

म्हणजे मागच्या २६ मिमीपैकी तिसरा हिस्सा "चांगल्या" बाजूच्या खोट्या उंचीचा होता.

कमानी उतरवण्याआधी आणखी एक चाचणी केली. सीटमागच्या फळीवर, होईल तेवढं एक्सलच्या वर, तांदळाच्या २५ किलोच्या चार गोण्या ठेवल्या आणि किती दबते ते पाहिलं. डावी २७, उजवी २८. दोन्ही बाजू सारख्याच दबतात याचा अर्थ दोन्ही कमानींची ताकद सारखी आहे, उजवीची फक्त गोलाई गेली आहे. एखादा पाटा तुटला असता किंवा कुणी कमी केला असता तर ती बाजू जास्त दबली असती, आणि मग गोलाई वाढवूनही उपयोग नव्हता. याच चाचणीतून कळतं की दोन्ही कमानी मिळून मिलिमीटरला साधारण ३.६ किलो वजन घेतात. वर पेट्रोलचा आकडा दिला तो यावरूनच.

कमानी उतरवताना घोडे कमानीच्या पुढच्या टेकूच्या थोडे पुढे, चेसिसच्या जाड भागाखाली लावले आणि एक्सल ट्रॉली जॅकवर धरला. एक्सलला बॉडीशी बांधणारे रबरी पट्टे आहेत, ते सोडल्याशिवाय एक्सल पुरेसा खाली येत नाही. पट्टे सोडल्यावर ब्रेकच्या रबरी नळीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर डोळा ठेवायचा, नाहीतर पूर्ण एक्सल नळीला लटकतो. आटे सगळे इंची, यू.एन.एफ. म्हणजे बारीक आट्यांच्या जातीचे. कोपऱ्यावरच्या दुकानातला मेट्रिक नट हाताने बसल्यासारखा वाटतो, पण जोर लागला की सोलून निघतो. कमान एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट आणि त्यांचे नट काढले की परत वापरायचे नाहीत. नव्यांची किंमत जास्त नाही.

पुढचा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एक झालेला असतो. खाऱ्या हवेतल्या गाडीत तो सरळ निघाला तर तो अपवाद समजावा. घाव घातल्याने टेकू वाकतो. आठवडाभर आधीपासून रोज तेल सोडूनही आमचा उजवा बोल्ट हलला नाही. शेवटी बुशच्या दोन्ही बाजूंनी हॅकसॉचं पातं घालून तो कापला. ग्राइंडर वापरायचा तर पेट्रोलची टाकी जवळच आहे हे लक्षात ठेवावं.

टेकू उघडे पडले की जाड स्क्रूड्रायव्हरने चेसिस टोचून बघायची. या गाड्या कमानीच्या टेकूंपाशी आतून कुजतात, आणि कुजलेला टेकू चेसिसमध्ये वर घुसला की बाहेरून हुबेहूब कमान बसल्यासारखीच दिसते. तिथे स्क्रूड्रायव्हर आत गेला असता तर कमानीचं काम थांबवून आधी वेल्डिंग करावं लागलं असतं. आवाज टणक आला.

जमिनीवर दोन्ही कमानी शेजारी ठेवून टोकांच्या भोकांच्या मध्यांतून सुतळी ताणली आणि सुतळीपासून मुख्य पाट्यापर्यंत मधोमध मोजलं. डावी १०४, उजवी ९३. गाडीवर साडेअकराचा फरक होता, जमिनीवर ११. दोन वाटांनी काढलेलं उत्तर जुळलं की पुढचं काम निर्धास्तपणे करता येतं.

आता उपाय कुठला? एक्सल आणि कमान यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचे ठोकळे घालता येतात, पण या गाडीत कमान एक्सलच्या खाली आहे, त्यामुळे ठोकळ्याने गाडी फक्त खाली येते, वर जात नाही. लांब शॅकल लावले तर वाढलेल्या लांबीच्या निम्मीच उंची एक्सलजवळ मिळते, कारण कमानीचं एकच टोक खाली सरकतं. १२ मिमीसाठी २४ मिमी लांब शॅकल. त्यात एक्सल अंशभर फिरतो, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बदलतो आणि गाडी वळणावर आडवी डोलते. नव्या कमानी मागवायच्या तर जोडीनेच, आणि कुठल्या गाडीच्या ते नीट सांगून. १९७४ च्या उत्तरार्धात रबरी बंपर आले तेव्हा गाडी साधारण दीड इंच उंच केली गेली. त्या कमानी क्रोम बंपरच्या गाडीला लावल्या तर तिचं शेपूट वर जातं. जीटीच्या, म्हणजे बंद छपराच्या एमजीबीच्या, कमानी रोडस्टरपेक्षा कडक असतात.

राहिला तो कमानवाला. चिपळूणच्या बाजूला महामार्गावर ट्रक आणि टेम्पोच्या कमानी करणारे आहेत आणि त्यांचा हात या कामात बसलेला असतो. अडचण एवढीच की त्यांची सवय दहा टनांची. पहिला प्रस्ताव पाटा वाढवण्याचा. पाटा वाढवला की उंची येते, पण कमान कडक होते, आणि हजार किलोच्या आतली ही गाडी खड्ड्यावर उड्या मारते. एकाच बाजूला वाढवला तर प्रत्येक खड्ड्यावर गाडी तिरकी उसळते. दुसरा प्रस्ताव पाटा लाल करून वाकवण्याचा. स्प्रिंगचं पोलाद तसं तापवलं की त्याचा कडकपणा जातो. तो परत आणायला तेलात बुडवून, पुन्हा ठरावीक तापमानाला आणावं लागतं, आणि ती भट्टी रस्त्याकडेच्या दुकानात नसते. लाल करून वाकवलेली कमान चार महिन्यांत होती तिथे येते. म्हणून आधीच बजावलं: गॅस लावायचा नाही, थंडच मारायची.

थंड मारणं म्हणजे पाटे सुटे करून एकेक ऐरणीवर धरायचा आणि आतल्या, खोलगट बाजूने घणाच्या चोचीने दोन-दोन सेंटीमीटरवर सारखे घाव घालत जायचे. ज्या बाजूला घाव बसतो ती किंचित पसरते... म्हणजे आत घाव घातला की पाटा उघडायला हवा, असं वाटतं. पण ऐरणीच्या दोन टेकूंमध्ये मोकळी जागा असते आणि पाटा तिथे वाकवला जातो, म्हणून गोलाई वाढते. सपाट ऐरणीवर तेच घाव उलट काम करतात. टेकूंमधलं अंतर बघितल्याशिवाय घण उचलू देऊ नये.

सगळे पाटे सारखे वाकवायचे नाहीत. खालचा प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त गोल असावा लागतो. सुटे एकावर एक ठेवले की मधोमध फट दिसली पाहिजे, सेंटर बोल्ट आवळल्यावर ती मिटते. फट नसेल तर आखूड पाटे नुसते बसून राहतात आणि सगळा भार मुख्य पाट्यावर येतो. तो मग टोकाच्या डोळ्यापाशी तुटतो.

किती वाकवायचं? डावीच्या बरोबरीला यायला ११-१२. पण गाडी उजव्या हाताची आहे, ड्रायव्हर उजवीकडेच बसणार. सीटवर २५ किलोच्या तीन गोण्या ठेवून आधीच पाहिलं होतं, उजवी बाजू कडेवर डावीपेक्षा ११ मिमी जास्त दबते. शेजारी कुणी बसलं की हा फरक जवळपास जातो. पूर्ण भरपाई केली तर दोघं बसल्यावर गाडी डावीकडे कलेल, म्हणून निम्मी करायचं ठरवलं: रिकामी गाडी उजवीकडे ६ मिमी उंच राहू द्यायची. कडेवरचे ६ म्हणजे कमानीजवळ ४, पण पुढच्या स्प्रिंगा कल थोपवतात, म्हणून कमानीत परत ६च धरले. सगळं धरून उजव्या कमानीला १८ मिमी, म्हणजे ९३ वरून १११.

पाटे वाकवून, तारेच्या ब्रशने गंज काढून, मधे ग्रॅफाइट ग्रीस लावून कमान जोडली तेव्हा माप ११६ होतं. तेच हवं होतं. थंड वाकवलेली कमान पहिल्या काही दाबांत थोडी परत जाते, ते जाणं गाडीखाली होण्यापेक्षा दुकानातच व्हावं. प्रेसखाली धरून ती सपाट होऊन जरा उलटी वाकेपर्यंत सहा वेळा दाबली. पहिल्या दाबाला ११३, तिसऱ्याला १११, पुढचे तीन दाब आकडा हलला नाही. डावी कमान न वाकवता फक्त उघडून साफ केली, आणि तीही त्याच प्रेसखाली दाबून घेतली.

जोडताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीच्या भोकात नीट बसलं की नाही ते बोट घालून बघायचं. ते कडेवर चढलं तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. खात्रीसाठी दोन्ही बाजूंचं पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर मोजलं. मूळ माप २,३१२ मिमी, आमच्या दोन बाजूंत २ मिमीचा फरक. यू-बोल्टचे चार नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळले. बुशांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र नुसते हाताने. चाकं चढवली, चाकाचे नट ६० ते ६५ फूट-पाउंड, गाडी खाली उतरवली, ढकलली, दाबली, गोण्या सीटवर ठेवल्या आणि मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, खाली झोपून, बुशांचे बोल्ट घट्ट केले. जागा अपुरी पडते, हात सोलतो, पण याला दुसरा मार्ग नाही. चाकं फळ्यांवर चढवून घेतली तर चार इंच जास्त मिळतात.

रिकाम्या गाडीची मापं: डावी ३४९, उजवी ३५५. ड्रायव्हरच्या वजनासह ३४३ आणि ३३८. दाबून सोडणं आणि उचलून सोडणं यांतला फरक १० वरून ३ वर आला. याचा फायदा उंचीपेक्षा चालीत जास्त जाणवतो, कारण अडकलेली कमान बारीक खड्डे गिळतच नाही.

आता फेरीबोटीचं. धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये कोन असतो, आणि गाडीचा मध्य त्या कोनावर आला की पोट टेकतं. दोन चाकांमधलं अंतर २,३१२ असेल आणि कोन १० अंशांचा असेल तर मधोमध १०१ मिमी मोकळी जागा लागते. १२ अंशांना १२१. मागची बाजू १० मिमी उचलली तर मधोमध फक्त ५ मिळतात. इथे तर दोन्ही बाजूंची सरासरी जेमतेम ३ मिमी वाढली, पोटाखाली दीड मिलिमीटर. घासत होता तो सायलेन्सर, कारण त्याचा मधला रबरी टांगता ताणून लांबला होता. तो बदलल्यावर पाइप २२ मिमी वर गेला. धक्क्यावर गाडी सरळ न घेता थोडी तिरकी घ्यावी, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकदम फळीवर चढत नाहीत.

हीच पद्धत दुसऱ्या गाडीला लावताना मागची रचना आधी बघून घ्यावी. मोजण्याचा भाग सगळीकडे तोच, उपाय बदलतो. ट्रायम्फ स्पिटफायर आणि आपल्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड यांना मागे एकच आडवी कमान असते आणि चाकं लोलकासारखी झुलतात, त्यामुळे उंची बदलली की चाकांचा कलही बदलतो आणि टायर एका कडेने झिजतात. जुन्या पोर्शे ९११ ला मागे कमानच नाही, पिळाचा दांडा आहे. त्याच्या एका टोकाला ४० दाते, दुसऱ्याला ४४. आतलं टोक एक दाता पुढे आणि बाहेरचं एक दाता मागे घेतलं की दांडा ९ वजा ८.१८, म्हणजे जेमतेम पाऊण अंशाच्या वर सरकतो. एवढी बारीक जुळवणी आपल्या पाट्यांना नाही. तिथे घण आणि सुतळीच.

३०० किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळले, प्रत्येकी पाव फेरा गेला. तेव्हा उजवी बाजू २ मिमी खाली आली होती, ३५३. चारही चाकांच्या जागा खळ्यात ऑइल पेंटने रंगवून ठेवल्या आहेत आणि फरशीच्या कुठल्या तुकड्यावर कुठलं चाक तेही लिहिलं आहे. पुढचं माप पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधी, अर्ध्या टाकीवर.